शटल कोठे टाकावे?

संध्याकाळी शाळा सुटली, की तुमच्यापैकी बरेच जण दप्तर घरी टाकून पुन्हा मैदानावर येतात. धनजच्या मैदानावर दोन बांबू रोवले, पाच फूट उंचीवर दोरी ताणली, चुन्याने रेषा आखल्या, की बॅडमिंटनचे कोर्ट तयार होते. जाळी मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर दोरीवर जुनी ओढणी टाकून काम भागते. शटलला आपण गावात फूल म्हणतो. नावाने फूल असले, तरी चांगल्या हाताने मारलेले हे फूल अंगावर आले, की डोळे मिटतात!

मागच्या हिवाळ्यात याच मैदानावर मी एक सामना पाहिला. तालुक्याच्या शालेय स्पर्धेसाठी एकच मुलगा निवडायचा होता. एका बाजूला दहावीतला उंच, भरल्या अंगाचा मुलगा होता. दुसऱ्या बाजूला आठवीतला लहानखुरा मुलगा. मोठा मुलगा हवेत उडी घेऊन स्मॅश मारी. स्मॅश म्हणजे वरून खाली जोराने मारलेला फटका. प्रत्येक स्मॅशला बाजूची मुले टाळ्या वाजवत. सामना २१-९ असा संपला. लहान मुलगा रॅकेट काखेत धरून माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "सर, त्यांच्यात ताकद आहे. माझ्यात नाही. मी काय करणार?"

मी त्या वेळी गुण लिहीत होतो. नुसते गुण नाही, तर प्रत्येक गुण कसा गेला हेही कागदावर टिपत होतो. तो कागद मी त्याच्यापुढे धरला. त्याने एकूण २१ गुण गमावले होते. त्यांपैकी स्मॅशवर गेलेले गुण होते फक्त ६. बाकीचे १५ गुण? सहा वेळा त्याने शटल स्वतःच दोरीत मारले होते आणि नऊ वेळा रेषेबाहेर. त्याने दोनदा मोजले. मग तो काहीच बोलला नाही.

हा लेख त्या पंधरा गुणांविषयी आहे.

प्रथम कोर्टाकडे पाहू. एकेरीचे कोर्ट ४४ फूट लांब आणि १७ फूट रुंद असते. दुहेरीत रुंदी २० फूट होते. मध्ये जाळी. म्हणजे एकेरीत प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला २२ फूट लांब आणि १७ फूट रुंद असा चौकोन येतो. आता पायथागोरसचा सिद्धान्त आठवा. या चौकोनाचा कर्ण किती? २२ चा वर्ग ४८४, १७ चा वर्ग २८९, बेरीज ७७३. तिचे वर्गमूळ २८ च्या जवळ येते. याचा अर्थ, मागच्या डाव्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या खेळाडूला पुढच्या उजव्या कोपऱ्यात पडणारे शटल घ्यायचे असेल, तर त्याला सुमारे २८ फूट धावावे लागेल. पण तोच खेळाडू कोर्टाच्या मध्यावर उभा असेल, तर कोणताही कोपरा त्याच्यापासून फक्त १४ फुटांवर असतो. हातातील रॅकेटची लांबी आणि एक लांब पाऊल वजा केले, तर ते अंतर आणखी कमी होते.

एवढ्याशा गणितात या खेळाचे अर्धे शहाणपण सामावले आहे. फटका मारला, की आपण मध्यावर परत यायचे, आणि समोरच्याला मध्यावर राहू द्यायचे नाही. आपण १४ फूट पळायचे आणि त्याला २८ फूट पळवायचे. दहा-बारा फटक्यांनंतर कोणाचा दम जाईल हे सांगायला नको.

आमच्या आठवीतल्या मुलाची मोठी चूक हीच होती. फटका मारून तो तेथेच उभा राही आणि आपला फटका कसा गेला ते पाहत बसे. पाहणे वाईट नाही, पण चालता चालताही पाहता येते.

आता स्मॅशचा विचार करू. ताकदवान खेळाडूची सर्वांना भीती वाटते, कारण शटल फार वेगाने येते असे आपण मानतो. ते खोटे नाही. आपल्या देशाच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डी या खेळाडूने २०२३ साली एका चाचणीत मारलेल्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला आणि तो जागतिक विक्रम ठरला. पण हा वेग रॅकेटवरून निघतानाचा असतो. चेंडू आणि शटल यांत मोठा फरक आहे. स्पर्धेच्या शटलला १६ पिसे असतात आणि त्याचे वजन सुमारे ५ ग्रॅम भरते. एवढ्या हलक्या वस्तूच्या मागे एवढा मोठा घेर असल्यामुळे हवा तिला सतत अडवते आणि तिचा वेग झपाट्याने कमी होतो. त्यामुळे कोर्टाच्या अगदी मागच्या रेषेवरून मारलेला स्मॅश आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत बराच मंदावलेला असतो. जाळीजवळून मारलेला स्मॅश मात्र घेता येत नाही. मग उपाय काय? समोरच्याला जाळीजवळ उंच शटल द्यायचेच नाही. द्यायचे तर मागच्या रेषेपर्यंत उंच द्यायचे. त्याला टॉस म्हणतात. मागून त्याने कितीही जोर लावला, तरी आपण गुडघे किंचित वाकवून, रॅकेट छातीपुढे धरून तयार असलो, तर शटल परत जाते. जोर त्याचा असतो, आपण फक्त रॅकेट आडवी धरायची.

अर्धवट टॉस ही सर्वांत महागडी चूक. शटल कोर्टाच्या मधोमध, डोक्याच्या वर अलगद तरंगते आणि समोरचा मुलगा आनंदाने उडी मारतो. टाळ्या त्याला मिळतात, पण तो फटका तयार करून दिलेला असतो आपणच.

ताकदीपेक्षा जागा महत्त्वाची, हे आपल्या महाराष्ट्राच्या एका खेळाडूने साऱ्या देशाला दाखवून दिले. त्यांचे नाव नंदू नाटेकर. त्यांचा जन्म १९३३ साली सांगलीत झाला. आरंभी ते टेनिस खेळत. कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत ते अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि तेथे रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले. हे कृष्णन पुढे टेनिसमध्ये जगभर गाजले. नाटेकरांनी त्या पराभवानंतर टेनिस सोडून बॅडमिंटनची रॅकेट हाती घेतली. हरल्यावर खेळच सोडून देणारे पुष्कळ असतात. आपल्याला कोणता खेळ अधिक साधेल, असा विचार करणारे थोडे.

नाटेकरांच्या खेळात धसमुसळेपणा नव्हता. त्यांची सारी करामत मनगटात होती. हात मागे नेला, की समोरच्याला वाटे, आता जोराचा फटका येणार. तो मागे सरके. शेवटच्या क्षणी नाटेकर मनगट सैल सोडत आणि शटल जाळीच्या पलीकडे अलगद उतरे. अशा फटक्याला ड्रॉप म्हणतात. टॉस आणि ड्रॉप या दोन्ही फटक्यांच्या वेळी हात सारखाच वर गेला पाहिजे, म्हणजे समोरच्याला अंदाज येत नाही. १९५४ साली नाटेकर इंग्लंडमधील प्रसिद्ध ऑल इंग्लंड स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले. १९५६ साली त्यांनी मलायातील, म्हणजे आजच्या मलेशियातील, सेलंगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. भारत सरकारने १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू केला, तेव्हा बॅडमिंटनमधील पहिला मान त्यांनाच मिळाला. २०२१ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. पुण्याचे आणि बॅडमिंटनचे नाते फार जुने आहे. इंग्रज अधिकारी एकोणिसाव्या शतकात पुण्यात हा खेळ खेळत, तेव्हा त्याला 'पूना' असेच म्हणत. पुढे इंग्लंडमधील एका वाड्यावरून त्याला बॅडमिंटन हे नाव पडले.

नाटेकरांनंतर चोवीस वर्षांनी, म्हणजे १९८० साली, प्रकाश पदुकोण यांनी ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. ते बंगळूरचे. त्यांच्या लहानपणी तेथे खेळायला स्वतंत्र हॉल नव्हता. एका लग्नाच्या हॉलमध्ये ते सराव करत. ज्या दिवशी लग्न नसे, त्या दिवशी कोर्ट मोकळे! लग्नसराईत या मुलांचे काय होत असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात प्रकाश यांच्यासमोर इंडोनेशियाचा लिम स्वी किंग उभा होता. १९७८ आणि १९७९ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने हीच स्पर्धा जिंकली होती. त्याच्या उडी मारून केलेल्या स्मॅशची सगळ्यांनी धास्ती घेतली होती. त्याला जोराचे उत्तर जोराने देण्याच्या फंदात प्रकाश पडले नाहीत. त्यांनी खेळाची गती कमी केली. कधी मागच्या रेषेवर उंच टॉस, कधी जाळीपाशी ड्रॉप, कधी अर्ध्या जोराचा स्मॅश. किंगला ज्या उंचीवर आणि ज्या वेगाने शटल हवे असे, तसे ते त्याला मिळालेच नाही. सामना १५-३, १५-१० असा सरळ दोन डावांत संपला. जगातील सर्वांत जोरदार स्मॅश त्या दिवशी कोर्टावर हजर होता, पण तो वापरायला जागाच मिळाली नाही.

वरचे आकडे पाहून तुम्ही विचाराल, सर, डाव २१ गुणांचा असतो ना? त्या काळी पुरुषांचा डाव १५ गुणांचा असे आणि ज्याची सर्व्हिस असेल त्यालाच गुण मिळे. समोरच्याच्या सर्व्हिसवर तुम्ही चुकलात तरच गुण जाई. स्वतःच्या सर्व्हिसवर चुकलात तर फक्त सर्व्हिस जाई. २००६ साली ही पद्धत बदलली. तेव्हापासून सर्व्हिस कोणाचीही असो, शटल खाली पडले की कोणाला तरी गुण मिळतोच. हा बदल नीट समजून घ्या, कारण त्यामुळे चुकीची किंमत वाढली. पूर्वी काही चुका माफ होत्या, आता एकही माफ नाही. म्हणून नवशिक्या खेळाडूने पहिली सवय लावून घ्यायची ती ही, की शटल दोरीच्या वरून आणि रेषेच्या आत गेले पाहिजे. सुंदर फटके नंतर.

येथपर्यंत हातापायांचे झाले. मनाचे काय? मी स्वतःच माझे उदाहरण देतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला वाईट वाटायला नको. बी.एड. करत असताना मी एका स्पर्धेत खेळत होतो. तिसऱ्या डावात मी १८-१२ असा पुढे होतो. फक्त तीन गुण हवे होते. माझ्या मनात आले, आता लवकर संपवू. बाहेर मित्र उभे होते, त्यांनाही काही तरी दाखवायचे होते. मी प्रत्येक शटलवर स्मॅश मारू लागलो. पहिला जाळीत गेला. मला राग आला. दुसरा आणखी जोराने मारला, तो रेषेबाहेर गेला. त्यानंतर मी शटलकडे कमी आणि गुणफलकाकडे जास्त पाहत होतो. १८-१२ चे १८-२१ झाले. सलग नऊ गुण! समोरचा मुलगा साधा खेळत होता. तो शटल परत करत राहिला, एवढेच. त्या रात्री मी कागदावर आठवून लिहिले. नऊपैकी सात गुण माझ्या चुकांचे होते. गुण टिपून ठेवण्याची माझी सवय त्या रात्रीपासूनची आहे.

मी हरलो तो दुसऱ्या फटक्यावर, पहिल्या नव्हे. पहिली चूक कोणाचीही होते. पण ती चूक मनात घेऊनच मी दुसरा फटका मारला. चांगले खेळाडू गुण गेल्यावर काय करतात ते कधी दूरदर्शनवर नीट पाहा. कोणी रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करतो. कोणी घाम पुसतो, कोणी शटलची पिसे नीट करतो. ते उगीच नसते. त्या चार-पाच सेकंदांत गेलेला गुण मागे टाकायचा असतो. तुम्हीही स्वतःसाठी अशी एखादी खूण ठरवा. मागच्या रेषेपर्यंत चालत जा, एक दीर्घ श्वास घ्या, पुढचे शटल कोठे टाकायचे ते ठरवा आणि परत या. स्वतःला शिव्या देऊ नका. "मी नेहमीच असा चुकतो" असे म्हणण्यापेक्षा "शटल दोरीत गेले, पुढचे थोडे उंच" असे म्हणा. पहिल्या वाक्याने काही कळत नाही. दुसऱ्यात उपाय आहे.

येथे एका शब्दाची गंमत सांगतो. उर्दूत आपण 'ज़िद' म्हणतो ते हट्टी मुलाबद्दल. आई म्हणते, ज़िद करू नकोस. मराठीत हाच शब्द 'जिद्द' होऊन आला आणि त्याचा अर्थ पालटला. मराठीत जिद्द हा गुण समजला जातो. जिद्दी खेळाडू म्हणजे हार न मानणारा खेळाडू. मला वाटते, कोर्टावर हे दोन्ही अर्थ लक्षात ठेवावेत. स्मॅशनेच गुण मिळवीन असा हट्ट धरणे ही ज़िद झाली. तिने मला त्या दिवशी बुडवले. शटल खाली पडू देणार नाही, ही झाली जिद्द. आणि तिच्या जोडीला सबुरी हवी. हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे. तो 'सब्र'मधून आला.

जिद्दीचे आणि सबुरीचे उदाहरण हवे असेल, तर मुंबईत वाढलेली मानसी जोशी हिचे घ्या. २०११ साली अपघातात तिचा डावा पाय गेला. ती कृत्रिम पाय लावून खेळू लागली. २०१९ साली स्वित्झर्लंडमधील बासेल येथे झालेल्या पॅरा-बॅडमिंटनच्या जागतिक स्पर्धेत तिने अनुभवी पारुल परमार हिला २१-१२, २१-७ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. तिच्या गटातील एकेरीचे सामने अर्ध्या रुंदीच्या कोर्टावर होतात. जागा अरुंद, म्हणून शटल नेमके पडावे लागते. समोरच्याला पुढे-मागे हलवण्याचे कसब तेथे फार लागते. आणि विदर्भातले उदाहरण हवे? नागपूरची मालविका बनसोड. २०२२ च्या जानेवारीत, वयाच्या विसाव्या वर्षी, तिने दिल्लीच्या इंडिया ओपन स्पर्धेत ऑलिंपिक पदक विजेत्या सायना नेहवालला २१-१७, २१-९ असे हरवले. मालविका डावखुरी आहे. समोर मोठे नाव आहे म्हणून तिने आपला खेळ आखडता घेतला नाही, हे त्या आकड्यांवरूनच दिसते.

आपल्या मैदानावर आणखी एक खेळाडू असतो. तो म्हणजे वारा. हॉलमध्ये खेळणाऱ्यांना याची कल्पना नसते. वारा तुमच्या तोंडावर येत असेल, तर टॉस पूर्ण जोराने मारा. तो बाहेर जाण्याची भीती कमी असते. वारा पाठीमागून असेल, तर उंच टॉस टाळा आणि शटल खाली ठेवा. ड्रॉप आणि सपाट फटके वापरा. प्रत्येक डावानंतर बाजू बदलते आणि तिसऱ्या डावात मध्यावरही बदलते, म्हणून वाऱ्याची तक्रार करण्यात अर्थ नाही. तो दोघांनाही सारखाच छळतो. ('बाजू' हा शब्द उर्दूत हाताबद्दल वापरतात. मराठीत तो दिशेबद्दल आहे. परीक्षेत घोळ करू नका.) पिसांचे शटल वाऱ्यात भरकटते आणि महागही पडते. सरावाला नायलॉनचे पुरते.

सरावाची एक सोपी रीत. घरातून चार रिकामी पोती आणा. कापूस, सोयाबीनच्या दिवसांत आपल्याकडे बारदान्याला तोटा नसतो. कोर्टाच्या चारही कोपऱ्यांत एकेक पोते पसरा. मित्राला समोरून शटल द्यायला सांगा आणि प्रत्येक फटक्यापूर्वी मोठ्याने सांगा, कोणत्या पोत्यावर टाकणार. 'मागे डावीकडे' म्हणालात आणि शटल पुढे उजवीकडे पडले, तर सगळे हसतील. हसू द्या. जोर अजिबात लावू नका. मित्र नसेल, तर शाळेच्या भिंतीवर पाच फुटांवर खडूने रेषा ओढा आणि तिच्या जरा वर शटल मारत राहा. वीस वेळा न पडता मारता आले, की पन्नासचा प्रयत्न करा.

आमच्या आठवीतल्या मुलाने हेच केले. त्याने एक दोनशे पानी वही घातली. प्रत्येक सामन्यानंतर तो तिच्यात तीन रकाने भरू लागला. दोरीत किती, बाहेर किती आणि समोरच्याने खरोखर जिंकलेले किती. पाच आठवड्यांनी तो त्याच दहावीच्या मुलाशी पुन्हा खेळला. या वेळी सामना २१-१७ असा झाला. होय, तो पुन्हा हरला. वहीत त्या दिवशीची नोंद आहे. दोरीत ३, बाहेर ४, समोरच्याने जिंकलेले १४. शेवटच्या काही फटक्यांत मोठा मुलगा कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता. टाळ्या वाजवणारी मुलेही एव्हाना गप्प झाली होती.

तालुक्याला मोठा मुलगाच गेला आणि ते योग्यच झाले. पण जाण्याआधीचे आठ दिवस तो रोज संध्याकाळी त्या आठवीतल्या मुलाला मैदानावर बोलावून घेई. म्हणे, "तू मला त्या चार पोत्यांवर पळव. आणि तुझी ती वही जरा दाखव."